पंप बदलला, बॅटरी बदलली, गाडी तरी चालू होईना: तलवाड्यातल्या एका वायरीचा हिशोब



परवाच्या व्हिडिओत मी तलवाड्याची गोष्ट चार मिनिटांत उरकली आणि नंतर माझं मलाच वाटलं, मुख्य मुद्दा राहून गेला. मीटरचे आकडे मी भरभर बोललो, ते कुणाला लिहूनही घेता आले नसतील. म्हणून आज सगळं सावकाश लिहितोय. ज्यांना गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचंय त्यांनी वही घेऊन बसा. ज्यांचा धंदा वेगळा आहे, त्यांनी शेवटचा पैशांचा भाग तरी नक्की वाचा, कारण तो शिलाईवाल्यालाही लागू आहे आणि मोबाइल रिपेअरवाल्यालाही.

बीड जिल्ह्यातलं गेवराई तालुक्यातलं तलवाडा. त्वरितादेवीचं म्हणून भागात माहीत असलेलं गाव. तिथे आपला एक जुना दर्शक आहे, वय सव्वीस, आयटीआय झालेला. पत्र्याच्या गाळ्यात गाड्यांचं वायरिंग करतो. त्याचं म्हणणं होतं, "सर, एक दिवस दुकानात येऊन बसा आणि माझं कुठं चुकतंय ते सांगा." मी गेलो. चहा झाला, वही बघितली, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

फोन पानवाल्या काकांचा. विड्याची पानं घेऊन आठवडी बाजार करणारे. दहा वर्षांची पेट्रोल गाडी, मागचं सीट पाडून त्यावर पानांच्या करंड्या आणि वरून ओलं गोणपाट. गाडी फाट्यावर बंद पडलेली. सेल्फ मारला की इंजिन फिरतंय, पण पकडत नाही.

"भाऊ, पानं हैत गाडीत. उन्हात दोन तास राहिली तर उकिरड्यावरच टाकावी लागतील."

हे पहिल्यांदा नव्हतं. महिन्यापूर्वी एका गॅरेजात याच तक्रारीसाठी पेट्रोलचा पंप बदलला होता. पंप आणि मजुरी मिळून ५,५०० रुपये. चार-पाच दिवस गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. मग कुणीतरी सांगितलं बॅटरी कमजोर आहे. नवी बॅटरी ४,२०० रुपये. म्हणजे ९,७०० रुपये गेले आणि दुखणं जागच्या जागी. काका आता वैतागून म्हणत होते, "पंप डुप्लिकेट दिला त्यांनी. तू दुसरा टाक, कंपनीचा टाक."

इथे थांबा आणि विचार करा. गिऱ्हाईक स्वतःहून म्हणतंय पंप टाक. तुमच्या दुकानात काम कमी आहे. पंपावर चारपाचशे सुटतात. तुम्ही काय केलं असतं?

आपल्या पोराने एक गोष्ट बरोबर केली. तो म्हणाला, "काका, गाडी ओढून आणू नका. सेल्फ पण मारू नका. हाय तशी ठेवा, मी येतो." असा बिघाड, जो कधी असतो आणि कधी नसतो, तो असतानाच पकडावा लागतो. गाडी टोचन करून गाळ्यावर आणेपर्यंत ती गार होते, खड्ड्यांत हलते आणि दारात येऊन पहिल्या सेल्फला चालू होते. मग तुम्ही डोकं खाजवत बसता. आम्ही दोघं मोटारसायकलवर फाट्यावर गेलो.

आधी कान, मग हात

इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय पेट्रोल गाडीत पंप विजेवर चालतो आणि तो टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो. बऱ्याच गाड्यांत मागचं सीट उचललं की खाली झाकण दिसतं, त्याखाली पंप. चावी ऑन केली (सेल्फ न मारता) की दोन-तीन सेकंद मागून घुर्र आवाज येतो आणि थांबतो. गाडीचा कॉम्प्युटर, ज्याला आपण ईसीएम म्हणतो, तो लाइनीत प्रेशर भरून घेत असतो. बहुतेक गाड्यांत हे प्रेशर साधारण ३ ते ४ बार. इंजिन फिरायला लागलं की ईसीएम पंप पुन्हा चालू करतो आणि चालूच ठेवतो. इंजिन फिरण्याचा सिग्नल त्याला क्रँक सेन्सरकडून मिळतो. सेन्सर मेला असेल तर सुरुवातीची घुर्र येईल, पण पुढे गाडी पकडणार नाही. चावी ओळखणाऱ्या इमोबिलायझरचा दिवा मीटरवर पेटत राहिला असेल तर काही गाड्यांत ईसीएम पंपाला चालूच होऊ देत नाही. अशा वेळी पंप उघडून बसलात तर संध्याकाळ होईल.

म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. चावी ऑन करा आणि ऐका. रस्त्यावर गोंगाट असेल तर पेट्रोलचं झाकण उघडून तिथे कान लावा. (तोंडात विडी असलेल्या माणसाला आधी लांब पाठवा. हसू नका, फाट्यावर जमलेल्या पाचजणांत एक असतोच.)

घुर्र मोकळी येत असेल तर वायरिंगचा संशय कमी. घुर्र अजिबात नसेल तर फ्यूज, रिले, वायर, अर्थ, पंप, सगळेच संशयित. काकांच्या गाडीत तिसराच प्रकार होता. आवाज येत होता, पण कण्हल्यासारखा. माणूस अंगात ताप असताना उठतो ना, तसा. या आवाजाने अर्धं काम केलं. पंपाला वीज पोचतेय, पण पुरेशी पोचत नाही, किंवा पंप स्वतः जाम आहे. दोन्हींतलं कोणतं, हे आता मीटर सांगणार.

पेट्रोल आहे का हेही विचारून घेतलं. काकांनी आदल्या दिवशीची पंपाची पावती दाखवली. हा प्रश्न विचारायला लाजू नका. टाकीचा काटा खोटं बोलतो.

१२ व्होल्ट दिसले म्हणजे वीज आहे, हा गैरसमज

आता नीट लक्ष द्या, सगळा धडा इथे आहे.

आधीच्या गॅरेजातही मीटर लावला होता. काका स्वतः बघत होते. पंपाचा कपलर काढला, बॉडीकडून येणाऱ्या बाजूला मीटरच्या दोन्ही पिना लावल्या, १२ व्होल्ट आले. "वायरिंग ओके, पंप खराब." हे चुकीचं आहे असं त्या मिस्त्रीला वाटलंच नसेल, कारण बहुतेकजण असंच तपासतात. मीही आधी असंच तपासायचो.

तुमच्या शेतात पाइपलाइन आहे ना? पाइप आतून गाळाने अर्धा बुजलाय, पण तोंडाचा कॉक बंद आहे. तिथे प्रेशर मोजलं तर पूर्ण दिसेल, कारण पाणी वाहतच नाही. कॉक उघडा, मग कळेल धार किती बारीक आहे. किंवा रात्री थ्री फेज आली की काय होतं ते आठवा. सगळ्यांच्या मोटारी बंद असतात तोवर स्टार्टरवरचा काटा झकास. सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या की व्होल्टेज बसतं. वीज वाहायला लागली की मगच वाटेतला अडथळा दिसतो.

मीटर तसा अगदी कंजूष गडी आहे. मोजताना तो जवळपास काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे सडलेल्या जोडातूनसुद्धा त्याला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. पंप मात्र चार-पाच अँपिअर मागतो. तो मागायला लागला की सडलेला जोड म्हणतो, एवढं माझ्याच्याने होणार नाही.

म्हणून नियम लिहून घ्या: कपलर जोडलेला ठेवून, पंप चालू असताना मोजायचं. तारा मागून जिथे कपलरात शिरतात तिथून बारीक टोकदार पिन तारेच्या कडेने आत सारायची आणि तिच्यावर मीटर लावायचा. तारेचं कव्हर सोलू नका, भोसकूही नका. आज भोसकलेलं भोक पुढच्या पावसाळ्यात तुमच्याच नावाने बोंबलतं. पंपाच्या कपलरला बहुधा चार तारा असतात. दोन जाड, त्या पंपाच्या. दोन बारीक, त्या टाकीच्या काट्याच्या.

चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंदच चालतो, तेवढ्यात मोजणार कसं? त्यासाठी पोराने बोनेटमधला फ्यूज बॉक्स उघडला आणि पंपाचा रिले काढला. बऱ्याच रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी तार, ८७ म्हणजे पंपाकडे जाणारी, ८५ आणि ८६ म्हणजे आतल्या कॉइलच्या. ३० आणि ८७ च्या खोबणीत त्याने एक छोटी तार लावली, मधे १५ अँपिअरचा फ्यूज असलेली. आता पंप सतत चालू. फ्यूजशिवाय नुसती तार कधीही लावू नका, आणि खोबणी ओळखता येत नसेल तर अंदाजाने तर मुळीच नको. चुकीच्या खोबणीत तार गेली तर ईसीएमला जखम होते आणि तिची किंमत पंपाच्या कितीतरी पट.

रिले बाजूला निघालाच होता, म्हणून तोही तपासला. त्याच गाडीतला तसाच दुसरा, हॉर्नचा, रिले नंबर जुळवून बसवला. फरक काही नाही. म्हणजे रिले निर्दोष. पुन्हा काढून फ्यूजवाली तार लावली.

तीन आकडे

पंप कण्हत चालू आहे. पोराने मोजलं.

बॅटरीवर १२.४ व्होल्ट. पंपाच्या दोन जाड तारांमधे, जोडलेल्या कपलरवर, ७.१ व्होल्ट.

पंपाला बारा हवेत आणि मिळतायत सात. ५.३ व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. या जागी जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "म्हणजे वायर बदलावी लागेल पुढून मागपर्यंत." नाही. आधी चोर कुठे बसलाय ते बघायचं.

मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी पिन पंपाच्या प्लस तारेवर. लांब वायर लागते, पोराकडे चार मीटरची होती. आकडा आला ०.४ व्होल्ट. म्हणजे पुढून मागे येणारी अख्खी प्लसची वाट, फ्यूज धरून, फक्त ०.४ खाते. एवढं चालतं. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर मी त्या बाजूला हात लावत नाही.

मग लाल पिन पंपाच्या मायनस तारेवर आणि काळी पिन बॅटरीच्या मायनसवर. ४.९ व्होल्ट!

बेरीज करा. ०.४ अधिक ७.१ अधिक ४.९, बरोबर १२.४. बॅटरीचे सगळे व्होल्ट जमेस लागले. ही बेरीज जुळली नाही तर कुठेतरी मोजताना चूक आहे, पुन्हा मोजा. किराणा दुकानदार रात्री गल्ला जुळवतो तसंच हे आहे.

पंपाची मायनस तार मागच्या सीटखालून जाऊन बॉडीला बोल्टने अर्थ केलेली असते. चांगल्या अर्थवर हा आकडा ०.१ किंवा ०.२ यायला हवा. इथे ४.९. मग त्याने काळी पिन बॅटरीवरून काढून मागच्याच बॉडीच्या कोऱ्या लोखंडावर टेकवली. तरीही ४.८. म्हणजे बॅटरी ते बॉडी हा अर्थ चांगला आहे आणि चोर पंप ते बॉडी या दीड फुटातच आहे. एवढ्या मोठ्या गाडीतून शोध दीड फुटावर आला आणि अजून एकही नट सुटलेला नव्हता.

मॅट उचललं. खाली ओल. गोणपाटाचं पाणी महिनोन् महिने झिरपत होतं. अर्थच्या तारेला मधेच एक जोड, काळी टेप गुंडाळलेला. कधीतरी कुणीतरी स्पीकरचा ॲम्प्लिफायर बसवताना त्याच तारेतून अर्थ घेतला होता आणि ॲम्प्लिफायर काढल्यावर तार पुन्हा नुसती पिळून टेप मारली होती. टेप सोडली तर आत तांब्याचा रंग कुठेच नव्हता, सगळं हिरवं. टेपचा गोंद वितळून काळा झालेला.

तो का वितळला? मीटर अँपिअरवर टाकून पाहिलं होतं, पंप ३.५ अँपिअर ओढत होता. ४.९ गुणिले ३.५, साधारण १७ वॅट उष्णता त्या बोटाच्या पेरापेक्षा लहान जोडात. सोल्डरिंगचा छोटा आयर्न २५ वॅटचा असतो, त्यावरून अंदाज करा. आणि हे टाकीच्या शेजारी, सीटच्या फोमखाली! पानं वाचली की नाही हा प्रश्न मग मला लहान वाटायला लागला.

आता काकांना पडलेला प्रश्न: पंप बदलल्यावर चार-पाच दिवस गाडी का चालली? दोन कारणं. पंप बदलताना सीट उचललं, तारा ओढल्या गेल्या, सडलेला जोड हलला आणि थोडी नवी जागा एकमेकींना टेकली. दुसरं, नवा पंप आतून मोकळा असतो, कमी व्होल्टवरही कसाबसा प्रेशर देतो. जोड पुन्हा तापला, पुन्हा सडला, आणि ऊन वाढलं की कारभार बंद. सकाळी गार असताना गाडी चालू व्हायची आणि दुपारी नाही, याचाही उलगडा त्यातच. जुना पंप बहुधा चांगलाच होता. तो भंगारात गेला.

दुरुस्ती सांगण्यासारखी मोठी नाही. बॅटरीची मायनस आधी सोडली, कारण टाकीजवळ ठिणगी नको. सडकी तार कापून टाकली, त्याच जाडीची नवी तार, नवं थिंबल दाबून, बॉडीचा बोल्ट घासून पत्रा पांढरा करून पक्का केला, वरून ग्रीस. मधे जोड नाहीच. टाकीवर डाग द्यायला, म्हणजे सोल्डर मारायला, आयर्न नेऊ नका. दाबायचं थिंबल वापरा. गाडीत दोन किलोचा पावडरचा अग्निशामक ठेवा, तो वापरायची वेळ न येवो.

पुन्हा मोजलं. बॅटरी १२.४, पंपावर ११.९, अर्थच्या बाजूला ०.१. घुर्र कशी मोकळी आली ते फाट्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. फ्यूजवाली तार काढून रिले जागेवर बसवला, पहिल्या सेल्फला इंजिन चालू.

पंप खरंच खराब असतो तेव्हा

याचा अर्थ पंप कधी बिघडतच नाही असा घेऊ नका. कपलरवर चालू स्थितीत अकरा-साडेअकरा व्होल्ट मिळतायत आणि तरी पंप गप्प किंवा प्रेशर नाही, तर पंपच गेला. तेव्हा बेलाशक बदला. मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने पेट्रोल पंपातल्या संभाव्य दोषासाठी १,३४,८८५ गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यात १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या काळात बनलेल्या एक लिटरच्या वॅगनआर आणि ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ मधल्या पेट्रोल बलेनो होत्या. त्याच्या आदल्याच महिन्यात होंडाने २०१८ मध्ये बनवलेल्या ६५,६५१ गाड्यांचे पंप बदलून द्यायचं जाहीर केलं होतं. हे काम कंपनी फुकट करते. म्हणून अशी गाडी दारात आली तर आधी चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. फुकट होणारं काम तुम्ही पाच हजारांत केलंत आणि गिऱ्हाइकाला नंतर कळलं, तर ते गिऱ्हाईक गेलंच, त्याची भावकीही गेली.

सीएनजीच्या गाड्यांबद्दल दोन वाक्यं. बाहेरून किट बसवताना पंपाच्या वायरीत कट मारलेला असू शकतो, तो जोड सगळ्यात आधी बघा. आणि सीएनजीवर फिरायचं म्हणून टाकी कायम कोरडी ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला समजावा की पंप पेट्रोलनेच थंड राहतो. उंदरांचं तर काय सांगू. कापसाची गाठोडी शेजारी ठेवून महिनाभर उभी केलेली गाडी आली की मी आधी लेंड्या शोधतो, मग फ्यूज.

एका वायरीचे पाचशे?

आता खरा पेच. काकांनी खिशात हात घातला. "किती झाले?"

पोराने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. तो म्हणाला, "द्या काका पाचशे."

"पाचशे? दीड फूट वायर टाकली तू!"

आणि काका खोटं बोलत नव्हते. तार, थिंबल, ग्रीस मिळून माल साठ रुपयांचाही नव्हता. गंमत बघा, ज्यांनी ९,७०० घेतले त्यांना कुणी काही बोललं नाही, कारण पंप आणि बॅटरी डोळ्याला दिसते. पोराने विकली होती तपासणी, आणि ती दिसत नाही. शेवटी तीनशेवर मिटलं. काका पानं घेऊन गेले, आम्ही मोटारसायकलवर परत निघालो. वाटेत पोरगा एकदाच बोलला, "सर, पंप टाकला असता तर बरं झालं असतं."

मला त्याचा राग आला नाही. घर चालवणाऱ्या माणसाच्या मनात हे येणारच.

गाळ्यावर येऊन आम्ही वही उघडली. महिन्याचा खर्च लिहिला. गाळ्याचं भाडं २,५००, लाइट ७००, मोटारसायकलचं पेट्रोल ३,०००, फोन ३००, अवजारांच्या कर्जाचा हप्ता २,५००, घरखर्च १५,०००. एकूण २४,०००. महिन्याचे २६ दिवस काम. दिवसभर दुकान उघडं असलं तरी ज्याचे पैसे येतात असे तास चारच भरतात, हे त्याच्याच वहीवरून निघालं. म्हणजे १०४ तास. २४,००० भागिले १०४, तासाला साधारण २३० रुपये. हा नफा नाही, हा फक्त तोटा न होण्याचा आकडा आहे. फाट्यावर एक तास चाळीस मिनिटं गेली, म्हणजे ३८५ रुपये. वर साठ रुपयांचा माल आणि जाण्यायेण्याचा वेळ. पाचशे म्हणजे लूट तर नव्हतीच, जेमतेम होते. तीनशेत त्याने पदरचे घातले.

मग चुकलं कुठे? पाचशे मागण्यात नाही. गाडीला हात लावायच्या आधी सांगितलं नाही, तिथे चुकलं. काका फाट्यावर अडकलेले, पानं सुकतायत, तेव्हा फोनवरच सांगायला हवं होतं: "काका, येऊन तपासायचे तीनशे. बिघाड सापडला की दुरुस्तीचे किती ते सांगेन, मग तुम्ही हो म्हणा." आधी सांगितलेला दर हा दर असतो. नंतर सांगितलेला दर गिऱ्हाइकाला दंडासारखा वाटतो.

काही ट्रेनर सांगतात की तपासणीची फी बिलातून वजा करा, गिऱ्हाईक खूश होतं. मला ते पटत नाही. वजा केलीत की तपासणी पुन्हा फुकट झाली आणि तुमची कमाई पुन्हा पार्टच्या किमतीत लपली. मग पुढच्या वेळी पार्ट विकायचा मोह होणारच. फी वेगळी घ्या, वेगळी लिहा, आणि पार्टवर माफक नफा ठेवा.

दुसरी गोष्ट, कागद. मी त्याला एक साधी जॉब कार्डाची वही छापून घ्यायला सांगितली. गाडीचा नंबर, तक्रार गिऱ्हाइकाच्या शब्दांत, आणि खाली दोन रकाने: दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर. काकांच्या कार्डावर ७.१ आणि ११.९ हे दोन आकडे शेजारी लिहिलेले असते तर "दीड फूट वायर" हे वाक्य तोंडातून निघायच्या आधी त्यांनी ते आकडे बघितले असते. कापलेला हिरवा तुकडा पिशवीत घालून कार्डाला स्टेपल करा. पंपवाले जुना पंप दाखवतात, तुम्ही हा तुकडा दाखवा.

सुरुवात करणाऱ्यांसाठी भांडवलाचं थोडक्यात. हे काम करायला स्कॅनरच्या आधी बरा मीटर, लांब वायरी, मागून सारायच्या पिना, फ्यूजवाली तार आणि थिंबल दाबायची चांगली पक्कड घ्या. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, एवढ्यात सुरुवात होते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. लाखाचा स्कॅनर हप्त्यावर घेऊन बसलेले मी बघितलेत. काकांच्या गाडीत तो कोड दाखवेलच असं नव्हतं, सडलेल्या अर्थचा कोड नसतो.

घरी करून बघा

टाकीजवळ जायच्या आधी हा सराव करा. एक १२ व्होल्टची बॅटरी, हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, आणि बॅटरीच्या प्लसजवळ १० अँपिअरचा फ्यूज. हेडलाइटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे जवळपास पंपाएवढाच. तो आपला पंप. आता त्याच्या मायनस तारेत मधे इंडिकेटरचा बल्ब जोडा. तो आपला सडलेला जोड.

आधी हेडलाइटचा बल्ब होल्डरमधून काढा आणि होल्डरच्या दोन टोकांवर मोजा. बॅटरीचे जवळपास सगळे व्होल्ट दिसतील. आधीच्या गॅरेजला हेच दिसलं होतं. मग बल्ब बसवा आणि पुन्हा मोजा. हेडलाइट मिणमिणेल किंवा पेटणारही नाही, आकडा धाडकन खाली येईल, आणि बाकीचे व्होल्ट इंडिकेटरच्या बल्बवर सापडतील. प्लसची बाजू, बल्ब, मायनसची बाजू असे तीन आकडे वहीत लिहा आणि बेरीज बॅटरीएवढी येते का बघा. नाही आली तर कुठली पिन कुठे लावली होती ते कमेंटमध्ये लिहा, आकड्यांसकट. नुसतं "सर जमत नाही" लिहिलंत तर मलाही इथून दिसत नाही.

तलवाड्याच्या पोराने जॉब कार्डाची वही छापून घेतली आहे, शंभर पानांची. गेल्या आठवड्यात त्याने पहिल्या भरलेल्या कार्डाचा फोटो पाठवला. तपासणी फीच्या रकान्यात ३०० लिहिलेत, आणि दुरुस्तीनंतरचा रकाना भरायला विसरलाय.